काटा सांगतो ते खरं

१ नोव्हेंबर १९६६, मंगळवार

जीप आली. मिलिटरी डिस्पोजलच्या लिलावातली आहे, पण अंगाने भक्कम. आमच्या कान्ह्याच्या वस्तीत दारात मोटार उभी असलेलं हे पहिलं घर.

निश्चय लिहून ठेवतो. २५ डिसेंबरला आईला याच जीपमधून देहूरोडच्या विहारात न्यायचं. बारा वर्षांपूर्वी त्याच तारखेला बाबासाहेबांच्या हातून तिथे बुद्धमूर्ती बसली तेव्हा आई कान्ह्याहून चालत गेली होती. त्यानंतर तिने एकही वर्ष चुकवलं नाही. गेल्या वर्षी मात्र गुडघे धरले. गर्दीत शटलमध्ये चढता येईना, फलाटावरून परत आली आणि दिवसभर पांढरं लुगडं नेसून ओट्यावर बसून राहिली. मला ते बघवलं नव्हतं.

आज तिला बेत सांगितला. बघू, म्हणाली. बायकोने, म्हणजे शकूने, विचारलं की चालवायला येते का. मी लष्कराच्या डेपोत पंधरा वर्षं स्टोअरकीपर आहे. जीपच्या एकेका पार्टचा नंबर मला तोंडपाठ आहे. चालवायचं म्हणजे तेच पार्ट एकदम वापरायचे, दुसरं काय?

६ नोव्हेंबर, रविवार

पहिली फेरी. कामशेतपर्यंत जायचं होतं, रेल्वेफाटकापर्यंत गेलो.

डॅशबोर्डवर टेंपरेचरचा मीटर आहे. काटा डावीकडे असला की इंजिन थंड, उजवीकडे गेला की तापलं. फाटक येईपर्यंत काटा उजव्या टोकाला टेकला होता. ताबडतोब थांबलो, बॉनेट उघडलं, पाणी मारलं. तासभर थांबलो. काटा तिथेच. पुन्हा पाणी मारलं.

फाटकावरचा रखमाजी गेटमन कंदील पुसत बघत होता. त्याच्या मते इंजिनाला पित्त झालंय, म्हाताऱ्या इंजिनांना होतं. अडाणी माणूस. पण तापलंय हे त्यालाही कळलं, याची नोंद घेतो.

जीप ढकलत घरी आणली. उतार होता.

९ नोव्हेंबर, सकाळी

धक्कादायक. रात्रभर जीप थंडीत उभी होती, तरी काटा उजव्या टोकाला! चावीही लावली नव्हती.

निदान: इंजिन आतून धुमसतंय.

शकूने बॉनेटवर हात ठेवला आणि बर्फासारखं गार असल्याचं सांगितलं. मी तिला समजावलं की वरून गार लागणारी वस्तूच आतून जास्त धोक्याची असते. ती पाणी भरायला गेली. शास्त्रीय गोष्टी घरात बोलण्यात अर्थ नाही.

१३ नोव्हेंबर, रविवार

रेडिएटर सोडवून इंद्रायणीवर नेला आणि धुतला. पाणी एका बाजूने घालून दुसऱ्या बाजूने काढायचं, असं चार-पाच वेळा. मग आतल्या जाळीत छत्रीची काडी घालून साफसफाई केली. बरीच घाण निघाली. शेवटी शेवटी काडी अगदी सहज आरपार जाऊ लागली, त्यावरून रस्ता मोकळा झाला असं समजलो.

घरी आणून बसवला. भोकातून पाणी गळतंय. अर्थात रेडिएटर जुना आहे, तो कधी ना कधी गळणारच होता.

काटा उजव्या टोकाला.

आईने आज विचारलं, किती दिस राहिलं रं? मी म्हणालो, पुष्कळ.

१६ नोव्हेंबर, बुधवार

गळती बंद. उपाय रखमाजीचा, पण प्रमाण मी ठरवलं. घाटातले ट्रकवाले फुटक्या रेडिएटरमध्ये हळद टाकतात म्हणे, ती भोकात जाऊन फुगते आणि बसते. तो चिमूटभर म्हणाला होता. मी डबा टाकला. थोडक्यात कामं होत नसतात.

शकूने संध्याकाळी पांढरं कालवण केलं. घरात हळद नाही असं म्हणाली. ठरवून केलेलं दिसतंय.

२० नोव्हेंबर, रविवार

आजचा दिवस माझ्या आयुष्यात महत्त्वाचा. शंका आली की इंजिन निर्दोष असेल आणि मीटरच खोटं बोलत असेल. ही शंका इतक्या दिवसांत कोणालाही आली नव्हती. (शकू म्हणते ती पहिल्या आठवड्यापासून हेच सांगतेय. तिने बॉनेट गार आहे एवढंच सांगितलं होतं. त्यातून निष्कर्ष काढणं हे वेगळं काम आहे.)

प्रयोग. मीटरपासून इंजिनापर्यंत एक बारीक तांब्याची तार जाते, तिच्या टोकाला बोटाएवढा पितळी बल्ब. तो इंजिनातल्या पाण्यात बुडालेला असतो आणि गरम-थंड काय ते वर कळवतो. बल्ब सोडवला. स्टोव्ह जीपजवळ आणला, शकूचं चहाचं पातेलं वर ठेवलं. रखमाजी पलीकडच्या आंब्याखाली जाऊन उभा राहिला. पेट्रोलच्या टाकीजवळ स्टोव्ह नको म्हणत होता. फाटकावर राहून माणूस भित्रा होतो.

डेपोच्या डिस्पेन्सरीतून तापाचा थर्मामीटर आणलाच होता, पाण्याचं खरं टेंपरेचर बघायला. तो पाणी उकळायच्या आधीच फुटला. पारा पातेल्यात. उकळत्या पाण्यात मीटरचा काटा उजव्या टोकाला, ते बरोबर. मग बल्ब माठातल्या गार पाण्यात घातला. काटा उजव्या टोकालाच!

निष्कर्ष: मीटर अनसर्व्हिसेबल. थर्मामीटरही अनसर्व्हिसेबल. दोन्ही यंत्रं एकाच दिवशी निकामी निघावीत हा विलक्षण योग आहे.

पातेलं आणि माठ शकूने गावाबाहेर नेऊन टाकले. दोघींना चहा नाही. आई म्हणाली, "आरं, मला तितं जायचंय, ही गाडी शिजवून खायची न्हाई." तिचा उत्साह टिकून आहे, हे चांगलं.

२१ नोव्हेंबर

मीटरला लाल चिठ्ठी बांधली. डेपोत कंडेम मालाला बांधतो तशी. बरं वाटलं.

२७ नोव्हेंबर, रविवार

लोणावळा. हमरस्त्यावर घाट चढून आलेल्या मोटारी बॉनेट उघडून ओळीने उभ्या, ड्रायव्हर बालद्या घेऊन पळतायत. मी पायी होतो, पण त्यांच्याकडे बघून मला फार मोकळं वाटलं. त्यांच्यापैकी एकालाही सुचलं नसेल की दोष मीटरचा असू शकतो. एका गृहस्थाला सांगायला गेलो, तर तो अंगावर आला. त्याच्या गाडीतून खरोखर वाफ येत होती म्हणे.

स्पेअरच्या दुकानात मीटर मिळाला. तारेसकट, बल्बसकट, अगदी माझ्याच मॉडेलचा नाही, थोड्या मोठ्या गाडीचा. दुकानदार बोलका. ती तार नसून नळी आहे, आत कसलंसं स्पिरिट कोंडलेलं असतं, नळी दुमडू नका, कापू नका, असं बरंच काही सांगत होता. गाडीची वेळ झाली होती. विकणारे लोक मालाविषयी काहीतरी गूढ सांगतातच.

३० नोव्हेंबर, बुधवार

रजा टाकली. मीटर बसवला. अडचण एकच आली, तार जवळजवळ दोन हात जास्त. जीपमध्ये तिचं भलंमोठं वेटोळं लोंबायला लागलं, आईच्या पायात अडकलं असतं.

डेपोत नियम आहे. लागतं तेवढंच इश्यू करायचं, उरलेलं कापून सरप्लसला जमा. पंधरा वर्षांत माझ्या बिनमध्ये, म्हणजे मालाच्या खणात, फालतू वेटोळं कोणाला दिसलेलं नाही. तार मधून दोन हात कापून काढली. आतून थेंबभर काहीतरी निघालं, इस्पितळात येतो तसा वास आला. कारखान्यातली घाण असणार. दोन्ही टोकांतून जोरात फुंकून तार साफ केली. मग टोकं एकमेकांत पिळून वर काळी टेप गुंडाळली. जोड इतका सुबक की हातालाही लागत नाही. उरलेला तुकडा चिठ्ठी बांधून फळीवर ठेवला.

इंजिन चालू केलं. काटा डाव्या टोकाला. अर्धा तास चालू ठेवलं. काटा डाव्या टोकाला! थरथरसुद्धा नाही.

आईला बोलावून दाखवलं. तिने काट्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. म्हणाली, चांगलं झालं बाबा. शकूने बॉनेटवर हात ठेवून पटकन काढला आणि पदराने झाकला. तिला वाईट वाटलं असेल. तिच्या बॉनेटवर हात ठेवायच्या पद्धतीचं काम आता संपलं.

४ डिसेंबर, रविवार

ट्रायल. कान्हे ते कार्ला फाटा आणि परत. काटा डाव्या टोकाला, जाताना, येताना, चढावर, उतारावर.

येताना बॉनेटच्या फटीतून थोडं धुकं येत होतं. मावळात डिसेंबरात धुकं असतंच. किंचित पिवळसर, भाताच्या पेंढ्यावरून येत असावं. शकूचा भाऊ नथू बरोबर होता, तो म्हणाला ही वाफ हाय. मी काट्याकडे बोट केलं. तो कामशेतला उतरतो म्हणाला आणि उतरला. कामशेतला त्याचं काही काम नसतं.

११ डिसेंबर, रविवार

विचार. काटा सांगतो की इंजिन थंड आहे, इतकं थंड की आजवर तो एकदाही डावीकडून हललेला नाही. मग इंजिनापुढचा तो लोखंडी पंखा कशासाठी? थंडीच्या दिवसांत पंखा कोण लावतं? उलट आईला वारं लागेल. शिवाय आवाज. आईला भजनी मंडळाची आठवण येते म्हणाली, ते मला टोमण्यासारखं वाटलं.

चार बोल्ट काढले. पंखा सरप्लसला जमा. आवाज निम्मा.

आता आमच्या जीपमध्ये आवश्यक तेवढेच पार्ट आहेत. सैन्यात किती उधळपट्टी चालते हे मी डेपोतल्या साहेबांना कळवणार आहे.

१८ डिसेंबर, रविवार

वस्तीतला दत्तोबा आला होता. पंचवीस तारखेला सगळ्यांनी मिळून ट्रक ठरवलाय, तुमच्या घरची माणसं किती, असं विचारत होता. मी जीपकडे बोट केलं आणि म्हणालो, आमची माणसं शून्य. उलट ट्रकमध्ये कोणा म्हाताऱ्या माणसाला त्रास होत असेल तर एक सीट माझ्याकडे रिकामी आहे. तो हसला, जयभीम केला आणि गेला. जाताना स्वयंपाकघराच्या दाराशी शकूशी काहीतरी बोलत होता. त्याच्या मुलीच्या बाळंतपणाचं असेल.

तिसऱ्या गिअरचा त्रास आहे. पहिल्या-दुसऱ्यातच जाणार. घाई कशाला?

२४ डिसेंबर, शनिवार

तयारी पूर्ण. जीप धुतली. बॉनेटवर निळा झेंडा. मागच्या सीटवर आईसाठी उशी. रेडिएटर काठोकाठ भरला, सुरक्षिततेसाठी आणखी अर्धा डबा हळद.

आईने पांढरं लुगडं काढून तांब्याने इस्त्री केलं, ते दोरीवर ठेवलंय. ती सगळ्यांना सांगतेय की मी लेकाच्या गाडीतून जाणार. सकाळी शेजारच्या भागूबाईला सांगितलं, दुपारी फाटकावर जाऊन रखमाजीला सांगितलं. एवढ्या गुडघ्यांनी फाटकापर्यंत चालत गेली! मी आतल्या खोलीत होतो. थोडा वेळ तिथेच थांबलो.

शकू विचारत होती, मोठी गोधडी कुठे आहे. मी म्हणालो उशी ठेवलीय, गोधडीची गरज नाही.

२५ डिसेंबर, सकाळी

निघतोय. धुकं दाट. काटा डाव्या टोकाला. आई मागे बसलीय, दोन्ही हातांनी पुढची सीट धरून. तिच्या शेजारी शकू. इतिहासात नोंद व्हावी असा दिवस.

२५ डिसेंबर, संध्याकाळी

डाव्या हाताने लिहितोय. अक्षर लागलं नाही तर माझी हरकत नाही.

फाटकाशी मालगाडीसाठी थांबावं लागलं. मालगाडी लांबलचक. इंजिन चालूच ठेवलं, बंद केलं तर पुन्हा सुरू व्हायची खात्री नव्हती. बॉनेटमधून धुकं यायला लागलं. रखमाजी झेंडी धरून जवळ आला, म्हणाला, "भाऊ, ही वाफ हाय." मी म्हणालो, धुकं आहे, सगळीकडेच आहे. तो म्हणाला, "सगळीकडं पांढरं हाय. तुमचं पिवळं हाय." मी त्याला काटा दाखवला. काट्यासमोर कोणाचं काही चालत नाही. मालगाडी गेली, फाटक उघडलं, आम्ही निघालो.

फाट्यावरून हमरस्त्याला लागलो. आता रस्ता दिसेना. काच पुसली तरी दिसेना, कारण धुकं काचेच्या पलीकडे आमच्याच बॉनेटमधून येत होतं. वरणाला फोडणी दिल्यासारखा वास. मागून शकू म्हणाली, थांबवा. मी म्हणालो, काटा बघ. ती दुसऱ्यांदा थांबवा म्हणाली. मग इंजिनातून कोणीतरी वरवंटा आपटल्यासारखा आवाज आला, आणखी एकदा आला, आणि जीप आपली आपण थांबली. वडगाव अजून लांब होतं.

उतरलो. काटा डाव्या टोकाला. म्हणजे इंजिन थंड. म्हणजे हे इंजिनाचं नसून पाणी कमी पडल्याचं लक्षण. रेडिएटरचं झाकण उघडलं.

त्यापुढचं नीट सांगता येत नाही. उकळती हळद वर उडाली. उजवा हात पोळला, शर्ट, तोंड, केस, सगळं पिवळं. मी रस्त्याच्या कडेला खाली बसलो.

आई जीपमधून उतरली. कोणाचा हात न धरता. त्या गुडघ्यांनी ती डांबरावर माझ्यापुढे बसली, माझा हात आपल्या हातात घेतला आणि म्हणाली, "बाजी, दाखीव. लय पोळलं का?" मी म्हणालो, नाही, काटा तर थंड दाखवतोय. ती फुंकर घालत राहिली. तिच्या तोंडाकडे मला बघवेना. इतक्या लांब येऊन ती पुन्हा रस्त्यातच राहणार होती, आणि या वर्षी ते गुडघ्यांमुळे नव्हतं.

मागून ट्रक आला. वस्तीतला. मी हात केला नव्हता, तरी थांबला. दत्तोबा खाली उतरला, माझ्याकडे बघून तोंडावर रुमाल धरला, पण हसला नाही, हे त्याच्या बाजूने सांगतो. ड्रायव्हरच्या शेजारची सीट रिकामी होती. ट्रकच्या मागच्या भागात माणसं दाटीवाटीने उभी आणि पुढची सीट अख्खी रिकामी. तिच्यावर चौघडी करून गोधडी घातली होती, म्हाताऱ्या माणसाचे गुडघे दुखू नयेत म्हणून.

गोधडी आमची होती.

मी शकूकडे बघितलं. ती दुसरीकडे बघत होती. आईने मात्र नजर चुकवली नाही. म्हणजे तिलाही ठाऊक होतं, आणि ठाऊक असून ती माझ्या जीपमध्ये बसली होती, दोन्ही हातांनी सीट धरून, सगळ्या गावाला सांगून.

आई ट्रकमध्ये चढेना. पोराचा हात असा टाकून मी कशी जाऊ, म्हणाली. मला आज एवढीच एक गोष्ट नीट जमली. मी म्हणालो, "आई, तू जा. तू गेली नाहीस तर माझ्या हाताची आग थांबायची नाही." दत्तोबाने आणि शकूने तिला वर चढवलं. मी म्हणालो, शकू, तूही जा, तिला धरायला कोणीतरी हवं. ट्रक गेला. निळे झेंडे लावलेले आणखी ट्रक गेले, बैलगाड्या गेल्या, चालणारी माणसं गेली. सगळी मला जयभीम करत होती. मी डाव्या हाताने करत होतो. पिवळ्या माणसाकडे लोक दोनदा बघतात.

दुपारी वस्तीतल्या श्रीपतीने बैलजोडी आणली आणि जीप बांधून ओढत घरी आणली. मी स्टिअरिंगवर बसलो होतो. बैल सरळ चालतात, वळवायचं काही नव्हतं.

फाटकाशी रखमाजीने आम्हाला लांबून बघून फाटक आधीच उघडून ठेवलं होतं. काही बोलला नाही. त्याने बोलायला हवं होतं.

२६ डिसेंबर, सोमवार

डेपोत गेलो नाही. हाताला फडकं बांधलंय.

नथूने इंजिन बघितलं. आत सगळं चिकटून बसलंय म्हणाला. दुकानदार सांगत होता तेच तोही सांगतोय, की नळीतलं स्पिरिट गेलं की काटा कायमचा थंड दाखवतो, इंजिन जळून गेलं तरी. मी त्याला सांगितलं की मला ते ठाऊक आहे. काल दुपारपासून ठाऊक आहे.

आई काल रात्री उशिरा आली, मी झोपलो होतो. आज सकाळी चहा (नव्या पातेल्यात) घेऊन माझ्याजवळ येऊन बसली. कागदात बांधलेल्या पुऱ्या तिने माझ्यासाठी आणल्या होत्या. गर्दी किती होती, वंदना किती वेळ चालली, दत्तोबाने तिला पार पुढे कशी नेली, सगळं सांगितलं. ओळखीची माणसं भेटली ती नावानिशी सांगितली. इतकं ती वर्षभरात बोलली नव्हती. तिचे डोळे लहान पोरीसारखे झाले होते. मी ऐकत होतो आणि मनात म्हणत होतो की हे मी नेऊन झालं असतं तर. पण नाही झालं. माझ्यामुळे काहीच झालं नाही, माझ्याशिवाय झालं.

मग तिने माझ्या हातावरचं फडकं नीट बांधलं आणि म्हणाली, "फुडल्या साली तू बी टरकातच ये आमच्याबरुबर. जागेचं मी दत्तोबाला आताच सांगून आलीया."

मी म्हणालो, बरं.